डांबावरचा दिवा आणि लोणारची शेवंती

आमच्या आईला खोटं बोलता येत नाही, अशी साऱ्या गल्लीची समजूत होती, आणि ती समजूत आईनं फार जपून वापरली. दर पावसाळ्यात ती शेजारच्या चिंचोळेकाकूंना शेवंतीचे फुटवे द्यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून, भिंतीवरून दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसे. वर सांगायची, "जपजा बाई, लोणारची हाय." ते फुटवे असायचे साध्या पिवळ्या शेवंतीचे, जी बाजारात टोपलीनं मिळायची. दिवाळीत काकूंच्या अंगणात पिवळी फुलं उमलली, की आई भिंतीशी जाऊन हळहळायची, "कमाल हाय बाई. तुमच्या मातीत गेली की पिवळी पडते." काकू म्हणायच्या, "मातीच तशी असंल." आणि पुढच्या मिरगाला पुन्हा हात पुढं करायच्या.

बुलढाण्यातलं आमचं ते घर गल्लीच्या अगदी शेवटी होतं. पुढं रस्ता संपून उतार लागायचा. सकाळी जाग यायची ती देऊळघाटच्या भाजीवालीच्या हाकेनं, आणि नंतर दिवसभर कोपऱ्यावरच्या चक्कीची टुकटुक कानात राहायची, इतकी, की लाइन गेली आणि चक्की थांबली म्हणजे आम्हाला काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. घरात आम्ही तिघं. वडील, ज्यांना मी नाना म्हणायची, आई, आणि मी, शालू. मी तेव्हा अकरावीला होते. उंच होते, आगाऊ होते, आणि स्वयंपाकात काडीचंही लक्ष नव्हतं. आई कळण्याची भाकर थापता थापता म्हणायची, "हे पोरगी सासरी जाऊन पुस्तक वाढीन ताटात." मी ठेचा चाटत म्हणायची, "सासऱ्याले वाचता आलं पाह्यजे फक्त." पाठीत धपाटा बसायचा. पण हसताना तिचा हात हलायचा, म्हणून तो नीट बसत नसे.

आईचा बगीचा म्हणजे घरापुढच्या भिंतीलगतचा एक लांबट वाफा. त्याच्या कडेनं गोलगोल दगड मांडलेले, आणि दिवाळी जवळ आली की ती त्या दगडांना चुना लावायची. वाफ्यात वर्षानुवर्षं तीच झाडं असायची. दरवर्षी बी आणायचं, पेरायचं आणि फुलून गेलं की उपटून फेकायचं, हे तिला पटत नसे. "दरवर्साले नवे पाहुणे कायले? घरचे हायेत ना," म्हणायची. गुलबक्षी, निशिगंध, सोनटक्का, हे सगळे घरचे. पण कुटुंबप्रमुख शेवंती. ती फुलून गेली की आई तिला जमिनीबरोबर छाटून टाकायची. बघणाऱ्याला वाटावं, मेलं झाड. उन्हाळ्यात त्या खोडक्यांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची सावली करून डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी घालायची. मिरग लागला की बुडातून हिरवे फुटवे वर यायचे. ते खुरप्यानं सोडवून पुन्हा ओळीनं लावायचे, श्रावणात शेंडे खुडायचे म्हणजे झाड पसरतं, आणि मग वाट बघायची. दसऱ्याला कळी, दिवाळीला फूल. त्यात कधी फरक पडला नाही.

आणि या शेवंतीतही एक राणी होती. एकेरी पाकळीची, मधोमध पिवळी टपोरी टिकली, पाकळी वरून पांढरी आणि पाठीमागून फिकट गुलाबी, पांढऱ्या पातळाला आतल्या लाल परकराचा रंग उतरावा तशी. तिला आम्ही लोणारवाली म्हणायचो. लोणारला आईची मावशी राहायची, तिनं ती दिली होती. आईनं ते रोप पदराखाली धरून एसटीनं आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, झाडं टपावर टाका." आई म्हणाली, "लेकरू टपावर टाकता का तुमी?" कंडक्टरनं ओशाळून तिला पुढच्या बाकावर जागा करून दिली. मेहकरपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. तिथं पदर सरकला आणि सगळ्या गाडीनं लेकराची पानं पाहिली. पुढं मावशी गेली, तिचं घर दुसऱ्यांनी घेतलं, अंगणात फरशी आली. तेव्हापासून ती शेवंती आमच्याकडं उरली ती उरलीच. म्हणून आई तिचा फुटवा कुणाला द्यायची नाही. द्यायची फक्त पिवळी, आणि दुःख व्यक्त करायची.

आता नानांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यांच्यापासून झाला. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. अंगानं बारीक, स्वभावानं गरीब, कुणाशी आवाज चढवून बोललेले मी ऐकले नाहीत. पण फायली लिहून लिहून त्यांच्या जिभेला सरकारी वळण पडलं होतं. जेवताना म्हणायचे, "सदर भाजीत मीठ कमी असल्याचे आढळून येते." आई म्हणायची, "डब्बा तिथं हाय. सदर हातानं घ्या." मला आजही कुणी 'आढळून येते' म्हटलं की पातोडीच्या भाजीचा वास येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला तेव्हा दिवा नव्हता. एकदा नाना संध्याकाळी घरी येताना अंधारात बसलेल्या म्हशीवर पडले. म्हशीला काही झालं नाही. नानांचा चष्मा फुटला, आणि त्याहून वाईट म्हणजे म्हैस उठून उभी राहिली तेव्हा नाना क्षणभर तिच्या पाठीवर आडवे होते, आणि हे गल्लीतल्या पोरांनी पाहिलं. त्या दिवसापासून नानांनी नगरपालिकेकडं अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. कुणाला वाटलं नव्हतं, पण श्रावणात एक दिवस खरंच दोन माणसं शिडी घेऊन आली आणि आमच्या फाटकासमोरच्या विजेच्या डांबावर पत्र्याची टोपी घातलेला एक दणकट बल्ब बसवून गेली. नानांनी गल्लीत पेढे वाटले. लोक त्यांना दिवेवाले नाना म्हणायला लागले. ज्या माणसाला ऑफिसात शिपाईही चहा शेवटी द्यायचा, त्याला आता शेजारी थांबवून विचारायचे, "नाना, आमच्या नळाचंबी काही पाहा ना." घरात चांगला उजेड असूनही नाना संध्याकाळी डांबाखाली उभे राहून पेपर वाचायचे. मान थोडी वर असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "प्रकाश समाधानकारक आहे."

दसरा आला. काकूंच्या अंगणात पिवळ्या शेवंतीला मण्यांसारख्या कळ्या धरल्या. आमच्या वाफ्यात एकही नाही. झाडं मात्र माझ्या कमरेपर्यंत वाढली होती, हिरवीगार, टवटवीत, आणि पुरती कोरी. आईनं सरकीची ढेप भिजवून घातली. ताक घातलं. मग मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट पक्की, असं ठरवलं. दृष्ट कुणाची, हा प्रश्नच नव्हता. भिंतीपलीकडं एकच घर होतं.

काकू भिंतीवर कोपर टेकवून म्हणाल्या, "काऊन वं शालूची माय, औंदा कळी नाही?"

"येईन ना," आई म्हणाली. "घाई कायची हाय?"

"नाही, म्हटलं, माती बिघडली का काय. माह्या अंगणातली गेली का तिकडं?"

आई घरात आली आणि तिनं पातेलं असं आदळलं की नाना पेपर सोडून आत आले. "तिनंच काही टाकलं बुडात," आई म्हणाली. "गरम पाणी. नाहीतर सोडा." नाना म्हणाले, "पुराव्याअभावी असा निष्कर्ष काढणे उचित नाही." आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की नाना परत डांबाखाली गेले.

दिवाळीला आमच्या घरात आमचं स्वतःचं एकही फूल नव्हतं. असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आईनं अनारसे तळले, चिवडा केला, दारात रांगोळी काढली, पण दर वेळी त्या हिरव्या वाफ्याकडं पाठ करून. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकू नवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. ताटात पिवळ्याधमक शेवंतीची रास. "घे वं," म्हणाल्या, "तुहीच दिलेली हाये. लोणारची." त्यांचा चेहरा इतका भोळा होता, की त्या चिडवताहेत की खरंच मायेनं आणलंय, हे मला सांगता आलं नसतं. आईनं ताट घेतलं. देवापुढं फुलं ठेवली. त्या रात्री ती चिवड्याला शिवली नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुदळ घेऊन वाफ्यात उतरली. "उपटून टाकते सगळी," म्हणाली. "वांगे लावते. वांगं तरी तोंड दाखवते." मी म्हटलं, "अगं, लोणारवाली पण?" ती म्हणाली, "तिनंच तर तोंड फिरवलं." पण बोलताना तिचा आवाज फाटला. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की हा नुसता फुलांचा हट्ट नव्हता. लोणारच्या अंगणात आता फरशी होती. इथून ती गेली असती, तर तिला परत आणायला जगात दुसरी जागा उरली नव्हती. मावशीचा आईकडं फोटोसुद्धा नव्हता.

तिला थांबवायला काहीतरी करायचं, म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले. "त्या बाजूनं मी काढते," असं म्हटलं आणि सिमेंटच्या पाण्याच्या टाक्यामागं जाऊन उगाच वेळ काढायला लागले. तिथं भिंत आणि टाक्याच्या मध्ये लोणारवालीचं एक खुजं झुडूप होतं, ज्याकडं कुणी बघत नसे. मी त्याला हात घातला आणि ओरडलेच. त्याच्यावर कळ्या होत्या. दोन-चार नव्हे, झुडूपभर. काहींना तर पांढरं तोंड फुटलं होतं.

आई कुदळ टाकून आली. खाली बसली. कळ्यांवरून बोट फिरवलं. मग मी तिला आणखी एक गंमत दाखवली. त्याच झुडपाच्या ज्या दोन फांद्या टाक्याच्या बाहेर वाकून आल्या होत्या, त्या कोऱ्या होत्या. एकच मूळ, एकच माती, आत कळ्या आणि बाहेर नुसता पाला.

"चिंचोळेबाईनं सोडा टाकला असता, तर अर्ध्या झाडाले कसा लागला असता?" मी विचारलं. आईला हे कबूल करायला जरा वेळ लागला. आम्ही दिवसभर त्या झुडपाभोवती घिरट्या घातल्या. ऊन दोन्ही बाजूंना सारखंच पडत होतं. पाणी तर टाक्याजवळ जास्तच. संध्याकाळ झाली. समोरच्या डांबावर खट्ट आवाज झाला आणि दिवा लागला. पिवळा उजेड साऱ्या वाफ्यावर पसरला, भिंतीपलीकडं काकूंच्या अंगणात मात्र पोचला नाही, आणि टाक्याची सावली नेमकी त्या कळ्यांच्या झुडपावर पडली. वाकलेल्या दोन फांद्या तेवढ्या उजेडात उरल्या. आई त्या सावलीकडं बघत राहिली, मग हळूच मान वर करून दिव्याकडं.

"ह्या मेल्यानं," ती म्हणाली. "ह्यानं झोपू नाही दिलं त्याईले. दिवस हाये का रात हाये, कसं समजंल त्याईले?"

पुढं बारावीत वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी शिकवलं, की काही फुलझाडं रात्र किती लांबली ते ओळखतात आणि मगच कळी धरतात. रात्रीत उजेड शिरला की ती फसतात. मी हात वर करून म्हटलं, "हे माझ्या आईनं शोधून काढलंय." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी मला बाकावर उभं केलं.

कारण कळलं, पण इलाज काय? मी म्हटलं, "नानांना सांगू." आईनं माझं मनगट पकडलं. "खबरदार. त्या दिव्यात जीव हाये त्याईचा. जल्मात पहिल्यांदा लोक त्याईले हात जोडून राह्यले. त्याईले मी सांगू, का तुमच्या दिव्यानं माही शेवंती वांझ केली?" म्हणून दिवा राहू द्यायचा आणि झाडांना अंधार द्यायचा, असं ठरलं. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही काठ्या रोवून वाफ्यावर जुनी लुगडी पांघरली. नानांनी विचारलं, तर आई म्हणाली, "दव पडते." काकूंनी विचारलं, तर आई म्हणाली, "धुतली." काकू म्हणाल्या, "दिवस बुडाल्यावर वाळू घालते का?" त्या रात्री वारा सुटला. सकाळी एक लुगडं डांबाला गुंडाळलेलं, एक काकूंच्या पत्र्यावर, आणि वाफ्यातल्या बऱ्याच फांद्या मोडून पडलेल्या.

तेव्हा मी म्हटलं, "बल्बच फोडते." आई काही बोलली नाही. आमच्या घरात आई काही बोलली नाही, की ती परवानगी असायची. नाना संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला गेले, तसा मी खडे घेऊन फाटकाआडून नेम धरला. पहिला खडा डांबाला लागून टण्ण वाजला. दुसरा कुठं गेला कळलं नाही. तिसरा काकूंच्या पत्र्यावर घरंगळला आणि आतून आवाज आला, "कोन हाय बे?" मी खाली बसले. आई दारात उभी राहून सगळं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो रागाचा नव्हता. बाजारात कुणी वांगी चुकीची निवडत असलं, की तिचा तसा चेहरा व्हायचा.

"हट तिकडं," ती म्हणाली.

आत जाऊन ती दोरीला चामड्याचा तुकडा बांधून परत आली. चामडं जुन्या चपलेचं होतं, दोरी नानांच्या पायजम्याची नाडी. आई वरवट बकाल गावची. लग्नाआधी तिनं कितीतरी हंगाम ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकली होती, गोफणीनं. हे मला ऐकून माहीत होतं, पण माझ्यासाठी ती गोष्ट होती, जशी राजाराणीची असते. माझी आई म्हणजे डोक्यावर पदर असलेली, कारकुनाची बायको, हळदीकुंकवात पाय दुमडून बसणारी. त्या बाईनं पदर कमरेला खोचला, वाफ्याच्या कडेचा एक दगड उचलून हातात तोलला, ठेवून दिला, दुसरा घेतला. गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग गोफण डोक्यावरून अशी फिरली, की मला तिचा नुसता सूंऽऽ आवाज ऐकू आला. फट्टदिशी बल्ब फुटला. काचा खाली पडायच्या आत अंधार झाला.

"असा मारत असतात," आई म्हणाली.

आणि अंधारातून, भिंतीपलीकडून, शांत आवाज आला. "नेम चांगला हाये वं तुहा, शालूची माय."

मी जन्मात इतकी घाबरले नव्हते. काकू भिंतीला कोपर टेकून उभ्या होत्या, केव्हापासून, देव जाणे. आई गोफण पाठीमागं लपवून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. चक्की बंद होती.

"नानाले नाही सांगत मी," काकू म्हणाल्या. "पण मले लोणारवालीचा फुटवा पाह्यजे."

"दिला ना दरवर्सी," आई पुटपुटली.

"तो नाही. खरा."

म्हणजे काकूंना इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं. दर मिरगाला त्या हात पुढं करत होत्या, पिवळा फुटवा घेत होत्या, 'मातीच तशी असंल' म्हणत होत्या, आणि मनातल्या मनात हसत होत्या. आईला आधी संताप आला असावा. पण मग तिच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला, आणि पुढच्या क्षणी दोघी भिंतीच्या दोन बाजूंना तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "आन् मी म्हणो माती खराब हाये तुमची!" "आन् मी हाव म्हणो!" मी मध्ये उभी राहून, आता कुणी येईल, या भीतीनं गल्लीकडं बघत होते.

नाना आले ते चाचपडत. डांबाखाली पोचल्यावर थांबले. वर पाहिलं. खाली बसून काडी पेटवली, काचा पाहिल्या, काहीतरी उचलून खिशात टाकलं. घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून माझं हसू पळालं. "दिवा फोडण्यात आला आहे," ते म्हणाले आणि जेवायला बसले नाहीत. सकाळी त्यांनी गल्लीतल्या पोरांना बोलावून विचारपूस केली. तेवढ्यात काकू पुढं आल्या आणि म्हणाल्या, "नाना, लेकरांले काऊन धरता? वानेर होतं. मी माह्या डोयांनी पाह्यलं. मोठं थोरलं. डांबावर चढलं आन् फोडलं." जंगलातली वानरं तेव्हा गल्लीत येतच असत, त्यामुळं साक्ष पक्की झाली. नानांनी काकूंकडं, मग आईकडं पाहिलं आणि नगरपालिकेला कळवलं, की वानराच्या उपद्रवामुळे दिवा निकामी झाला असून नवीन मिळावा. नगरपालिकेनं वानराच्या बाबतीत घाई केली नाही.

मग थंडी पडली. गल्लीतली, बाजारातली, काकूंची, सगळी शेवंती फुलून, सुकून, तपकिरी झाली. आणि आमच्या वाफ्यात कळ्या धरल्या. आई रोज सकाळी चहाआधी बाहेर जायची आणि आत येऊन काही न बोलता जास्तीची साखर घालायची. संक्रांतीच्या तोंडावर, जेव्हा बुलढाण्यात औषधालाही शेवंती नव्हती, तेव्हा आमचा सगळा वाफा एकदम उमलला. पांढरा, गुलाबी, मधोमध पिवळ्या टिकल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका फाटकातच थबकायच्या. आई प्रत्येकीला तिळगुळाबरोबर एक फूल द्यायची. "आता कशी फुलली वं?" विचारलं की म्हणायची, "तिची मर्जी." आणि काकू बाजूला बसून गंभीरपणे मान डोलवायच्या, "मातीच तशी हाये."

संध्याकाळी बायका गेल्यावर नाना माजघरात आले. तिळाचा लाडू खाल्ला. मग खिशातून एक गोल दगड काढून त्यांनी आईसमोर पाटावर ठेवला. दगडाच्या एका अंगाला चुना लागलेला होता, आईच्या हाताचा, दिवाळीआधीचा.

"वानरं दगडाला चुना लावून फेकतात, असे प्रथमच आढळून आले," नाना म्हणाले.

आईचा हात कुंकवाच्या करंड्यावर तसाच राहिला. मी भिंतीला चिकटले. दोन महिने तो दगड त्यांच्या खिशात होता, आणि त्यांनी शब्द काढला नव्हता.

"मले पहिल्याच दिवशी समजलं, कोनं फोडला," नाना म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून घरातलं बोलणं इतकं अचानक आलं, की मी चमकून पाहिलं. "काऊन फोडला, ते समजत नव्हतं. वाटलं, मी तिथं उभा राहून पेपर वाचतो, त्याचा तुम्हाले राग आला. हसता तुम्ही मले." त्यांनी पाटावरचा दगड बोटानं फिरवला. "आज फुलं पाह्यली. मग समजलं. मले सांगता आलं नसतं का?"

"तुमचा जीव होता त्या दिव्यात," आई म्हणाली.

"आन् तुमचा?"

आईनं सुपातून एक फूल उचललं आणि नानांच्या सदऱ्याच्या खिशाला, पेनाच्या शेजारी, खोचलं. नाना ते फूल काढायचं विसरून दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, म्हणजे आम्ही विसरले असंच समजलो. आता, इतक्या वर्षांनी, माझ्या गच्चीतल्या कुंड्यांमध्ये ती शेवंती आहे, आणि रस्त्यावरचे पांढरे दिवे तिला नीट झोपू देत नाहीत. मी संध्याकाळी कुंड्या जिन्याखाली नेते, सकाळी बाहेर आणते. सून म्हणते, "आई, कंबर दुखेल." दुखते.

त्याच वर्षी माघात नगरपालिकेचा वायरमन नवा बल्ब आणि शिडी घेऊन आला. नाना रजा टाकून घरी राहिले होते. बल्ब बसला. वायरमन उतरायला लागला, तसे नाना म्हणाले, "थांबा. टोपीला एका बाजूनं पत्रा लावायचा आहे. उजेड रस्त्यावर पडावा, वाफ्यात नको." पत्राही त्यांनीच कापून आणला होता, तेलाच्या डब्याचा. वायरमननं विचारलं, "किती फिरवू?" नानांनी साऱ्या गल्लीसमोर, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, घराकडं वळून हाक मारली, "अहो, बाहेर या. हे तुम्हीच सांगा."

आई पदर सावरत बाहेर आली. लोक उभे होते, पोरं भिंतीवर बसली होती. तिनं वाफ्याकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं. "अजून थोडा इकडं," म्हणाली. "अजून. बस, बस. तिथंच."

"पण अर्धा वाफा उजेडातच राह्यला," नाना म्हणाले.

"राहू द्या. अर्धी दिवाळीले फुलंन, अर्धी संक्रांतीले. भाऊबीज झाली का वानेर येतेच."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते हसायला लागले, मोठ्यानं, खांदे हलवून, आणि मी त्यांना रस्त्यात उभं राहून हसताना पहिल्यांदाच पाहिलं. वायरमन शिडीवर तसाच लोंबकळत होता. "मग फिट करू ना हो, नाना?"

"करा."

"थांब बे!" भिंतीपलीकडून काकू ओरडल्या. त्या हातात खुरपं घेऊन उभ्या होत्या, कोपर मातीनं भरलेले, आणि त्यांच्या पायाशी नुकत्याच लावलेल्या लोणारवालीच्या बुडाभोवती पाण्याचं ओलं आळं होतं. "थोडा माह्याकडंबी येऊ दे. संक्रांत का त्याईचीच हाये?"